उठवण्याचं काम

मुलीला शनिवारच्या वर्गात घालण्यात भट्टीवाल्याचा फायदा काय होता, तर झोप. दार लावून, सलग, कुणी “बाबा, हे बघा ना” म्हणून न हलवता मिळणारी एका दुपारची झोप. शिस्त, स्वावलंबन, जबाबदारीची जाणीव वगैरे जे काही वर्गाच्या पत्रकावर रंगीत अक्षरांत छापलं होतं, तो सगळा वरकड लाभ. पोरगी सुधारली तर उत्तम, नाही सुधारली तरी दुपार कुठे पळून जात नव्हती. या सौद्यात त्याला शोधूनही तोटा सापडला नाही. तोटा सापडत नसला की माणसाने जरा थांबून पुन्हा शोधावं, एवढी ताजी बुद्धी रात्रपाळीच्या माणसाकडे असती, तर तो रात्रपाळीला राहिलाच नसता.

बेकरीत त्याची रात्रपाळी इतकी जुनी होती की उन्हात त्याला बघून ओळखीचे लोकही क्षणभर विचारात पडत. अंधार पडल्यावर जायचं, रात्रभर पीठ मळायचं, भट्टी सांभाळायची, लोक पाव घ्यायला येत तेव्हा घरी परतायचं. झोप सकाळी एक तुकडा, दुपारी एक तुकडा, आणि दोन्ही तुकडे कितीही जवळ ठेवले तरी सांधत नसत. बायको इस्पितळात दुपारपाळीला. रोग्यांचे पलंग आवरणं, चादरी बदलणं हे तिचं काम. ती परतायची तेव्हा हा गेलेला असायचा, आणि हा परतायचा तेव्हा तिची सकाळची घाई. नवरा-बायकोचं बोलणं एक जण बूट काढताना आणि दुसरं डबा भरताना जेवढं होईल तेवढंच. भांडायचं झालं तरी वेळ काढावा लागे, म्हणून भांडणंही तुंबून राहिली होती.

मुलगी अकरा वर्षांची, एकुलती एक. घरात तिला वकील म्हणत, कारण कुठलीही गोष्ट ती “का” विचारल्याशिवाय मान्य करत नसे आणि एकदा मान्य केली की दुसऱ्याला मोडू देत नसे. दुसरी खोड पहिलीपेक्षा महागात पडणारी होती, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्याच शनिवारी झोपेचा बेत बारगळला. वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. भट्टीवाला पोरीला जिन्यापाशी सोडून वळणार, तेवढ्यात वरून निरोप आला की पालकांनीही थांबायचं आहे. मोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. गलबला वाढला की त्या ती वाजवत, मग मुलं गप्प होत आणि बापही. भट्टीवाल्याने मनातल्या मनात त्यांना शिट्टीताई म्हणून टाकलं, आणि पुढे तेच नाव सगळ्या पालकांत चाललं.

शिट्टीताईंची पद्धत साधी होती, तिला त्या ‘सुपूर्ती’ म्हणत. प्रत्येक मुलाने घरातलं एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यायचं. मदत करायची नाही, काम घ्यायचं. आतापर्यंत ते जो करत होता त्याने त्या कामाची वस्तू मुलाच्या हातात द्यायची आणि त्यानंतर त्या कामाला हात लावायचा नाही, आठवण करायची नाही, गुपचूप निस्तरायचंही नाही. काम बिघडलं तर ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर मुलाने स्वतः उभं राहून सांगायचं की काम माझं होतं, चूक माझी. आईबापाने मध्ये बोलायचं नाही. “मुलं पडतील,” शिट्टीताई म्हणाल्या, “पडू द्या.” स्वतःला मूल नसलेल्या माणसाला हे वाक्य फार छान म्हणता येतं, असं भट्टीवाल्याला वाटलं. पण पुढे शिट्टी वाजली आणि विचार तिथेच राहिला.

पुढच्या शनिवारपर्यंत पालकांवर सुपूर्तीच्या खुणा दिसू लागल्या. एका शिंप्याच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. जगाचे कपडे बेतणारा माणूस तो त्रिकोण लपवायला भिंतीला टेकून बसला. एक आजीबाई आपल्या कुंड्यांबद्दल अशा बोलत होत्या की ऐकणाऱ्याने सांत्वन करावं. भट्टीवाल्याने हे सगळं नीट पाहून घेतलं आणि ठरवलं की आपण स्वस्तातलं काम द्यायचं. त्याने बूट पुसायचं काम देऊ केलं.

“हे काम नाही,” वकील म्हणाली, “ही बोळवण आहे.”

मग तिने गॅसजवळचं काम मागितलं, ते त्याने नाकारलं. बाजारहाट मागितला, तोही नाकारला. शेवटी तिने मागितलं ते असं, की संध्याकाळी बाबांना कामासाठी उठवायचं. भट्टीवाल्याने भराभर हिशेब केला. यात भाजायचं नाही, कापायचं नाही, जळायचं नाही, फुटायचं नाही. उठायचं तर आहेच, मग गजराने काय नि पोरीने काय. त्याने उशाशी असलेलं गजराचं घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, म्हणाली, “आजपासून हे माझं,” आणि ते आपल्या दप्तराच्या शेजारी नेऊन ठेवलं.

आता हे काम नुसतं घड्याळाचं नव्हतं. शेजारच्या मावशींचाही त्यात वाटा होता. भिंत पातळ, त्यामुळे गजर त्यांना ऐकू जाई. तो वाजून वाजून बंद पडला आणि पलीकडे हालचाल ऐकू आली नाही की त्या पळीने भिंतीवर ठोकत. वर्षानुवर्षं हा रिवाज होता, कुणी कुणाला सांगितलेला नव्हता. वकिलाचं म्हणणं, काम सगळं घेतलंय तर पळीसुद्धा थांबली पाहिजे. भट्टीवाला बिचारा सांगायला गेला. मावशींनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं.

“म्हणजे आता पोरीच्या भरवशावर पाव फुगणार का गावाचा?” त्या म्हणाल्या. “बरं बाबा. माझी पळी मोकळी झाली.”

पोरीने काम मात्र असं केलं की मावशींनाही नाव ठेवायला जागा उरली नाही. ती ओरडत नसे. आधी पडदा सारायची, मग बूट दाराकडे तोंड करून मांडायची, चेहरा धुवायला पाणी काढायची आणि शेवटी त्याच्या पावलावर हात ठेवायची. जन्मात पहिल्यांदा भट्टीवाला दचकल्याशिवाय उठू लागला. बेकरीत त्याने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की सोबतचा लंबू, ज्याचं डोकं भट्टीच्या खोलीच्या चौकटीला रोज एकदा आपटायचं, म्हणाला, “तुझी पोरगी आम्हाला भाड्याने दे.”

अशात बेकरीच्या मालकीणबाईंनी बातमी दिली. दिवसपाळीचा म्हातारा कारागीर काम सोडून मुलाकडे राहायला चालला होता. पहाटे भट्टी उघडायची आणि संध्याकाळी घरी जायचं, अशी ती जागा. मालकीणबाई तराजूमागच्या उंच स्टुलावर बसत आणि तिथून न उठता सगळ्यांची किंमत ठरवत. त्या म्हणाल्या की जागा एकतर भट्टीवाल्याला नाहीतर लंबूला. गुरुवारी रात्री वसतिगृहाची मोठी ऑर्डर आहे. ती भट्टीवाल्याने एकट्याच्या जबाबदारीवर काढून दाखवावी, मग बघू.

घरी सांगितलं तेव्हा बायको डबा भरत होती. तिने झाकण लावता लावता एवढंच विचारलं, “म्हणजे संध्याकाळी घरी?” त्याने मान हलवली. त्या दिवशी डब्याचं झाकण तिने दोनदा लावलं. वकिलाने मात्र मुद्द्याचं विचारलं. तुम्ही पहाटे जाणार, म्हणजे आई घरी असतानाच उठणार, म्हणजे माझं काम जाणार. तेव्हा बदल्यात दुसरं काम मिळालं पाहिजे, आणि ते बुटांचं चालणार नाही. त्याने कबूल केलं.

त्या आठवड्यात नेमकं समोरच्या घरात फरशी फोडायचं काम निघालं. दिवसभर ठोकाठोक. सकाळचा तुकडा गेला, दुपारचाही गेला. त्यात आणखी खोकला. बुधवारी सकाळी तो जेवताना हातात घास घेऊन तसाच थांबला आणि बायकोने कोपर हलवलं तेव्हा कुठे घास तोंडाकडे गेला. गुरुवारी फरशीवाले आले नाहीत. दुपारी तो अंगावरच्या शर्टाची दोन बटणं काढून पलंगावर बसला, तिसऱ्या बटणावर हात असतानाच आडवा झाला.

जाग आली ती उजेडाने. उजेड ओळखीचा, पण चुकीच्या भिंतीवर. संध्याकाळचं ऊन कपाटावर येई आणि हे दारावर पडलेलं होतं. तो तसाच पडून त्या उन्हाकडे बघत राहिला. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ होतं, आणि याचा अर्थ काय ते कळायच्या आधीचा क्षण इतका सुखाचा होता की पुढे कित्येक दिवस त्याला त्या क्षणाची लाज वाटत राहिली.

वकील पलंगाशेजारी खुर्चीवर बसली होती. शाळेचे कपडे घातलेले, मांडीत घड्याळ.

“किती वाजले?”

“सकाळ झाली, बाबा.”

त्याने आरडाओरडा केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरती झोप झालेल्या माणसाला ओरडायला आतून जो चिडकेपणा लागतो, तोच त्याच्यात शिल्लक नव्हता. पोरीने न विचारता सांगितलं. पडदा सारला, बूट मांडले, पाणी काढलं. पावलावर हात ठेवला तर तुम्ही म्हणालात, आज नको. मग ती बसून राहिली. यापलीकडे ती बोलली नाही. बायको सकाळीच भाजी आणायला गेली होती.

बेकरीकडे जाताना त्याने शाळेच्या रस्त्याला वळायला सांगितलं, पण ती वळली नाही. काम माझं होतं, मलाच सांगायला लागेल. त्याने चालता चालता सुचवलं, की ठीक, तूच सांग, पण सांग की बाबांना ताप होता.

“ताप नव्हता.”

“अंग गरम होतं की.”

“भट्टीवाल्याचं अंग गरमच असतं,” ती म्हणाली.

या वकिलाशी वाद घालायला जेवढी ताकद लागते तेवढी रात्रभर झोपूनही त्याच्यात आलेली नव्हती. शिवाय, खोटं कशाला, त्याने तेवढ्यात नवा हिशेबही मांडला होता. एवढीशी पोर समोर उभी राहून चूक कबूल करतेय म्हटल्यावर मालकीणबाईंचं मन विरघळेल. ताप कुणालाही येतो, अशी पोर कुणाकडे असते? म्हणून त्याने तिला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः एक पाऊल मागे राहिला. त्या एका पावलाचं नाव शिट्टीताईंनी ‘विश्वास’ असं सांगितलं असतं.

मालकीणबाई तराजूमागे होत्या. एक जण पिठाचे गोळे तोडून देत होता आणि त्या ते तराजूत टाकून चिमटीने कमी-जास्त करत होत्या. भट्टीवाल्याला पाहून त्यांचा चेहरा चक्क मऊ झाला.

“अरे, अंगात कणकण असताना आलास कशाला? मी लंबूला म्हटलंच, तो न सांगता चुकायचा नाही, ताप भरला असणार. ऑर्डर गेली, थोडी उशिरा गेली. तू पड घरी जाऊन.”

भट्टीवाल्याच्या लक्षात आलं की आता कुणी काहीच बोलायचं नाही. नुसतं खोकायचं. खोकला तर खराच होता. त्याने पोरीच्या खांद्याकडे हात नेला.

“त्यांना ताप नव्हता,” वकील म्हणाली. “उठवायचं काम माझं होतं. मी त्यांच्या पावलावर हात ठेवला आणि ते आज नको म्हणाले. पण जोराने हलवलं असतं तर उठले असते. मी हलवलं नाही. मला उठवायचंच नव्हतं. चूक माझी आहे.”

तराजूतला गोळा तसाच राहिला. गोळे तोडणाऱ्याचा हातही थांबला. मालकीणबाईंनी आधी पोरीकडे, मग तिच्या डोक्यावरून बापाकडे पाहिलं.

“घड्याळ नाही का घरात?”

“माझ्याकडे आहे,” पोरगी म्हणाली. “त्यांनी मला दिलंय.”

मालकीणबाईंनी गोळ्यातून चिमूटभर पीठ काढलं, बाजूला ठेवलं आणि सावकाश सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तीच खरी पंचाईत होती. आजारी माणूस त्या समजून घेतात. पण पहाटेची भट्टी उघडणाऱ्याला कुणी उठवायला लागत असेल, आणि त्या उठवणाऱ्याच्या मनावर भट्टी पेटायची की नाही ते ठरणार असेल, तर दिवसपाळी लंबूलाच द्यावी लागेल. तू रात्री ये, तुझं तिथलं काम चोख आहे.

मग त्या पोरीला म्हणाल्या, “खरं बोललीस. बरं केलंस.” आणि बापाला, “पोरगी चांगली वाढवलीस.” एवढं फुकट देऊन त्यांनी पुढचा गोळा तराजूत टाकला.

पोरीला शाळेत सोडून तो घरी आला आणि पलंगाशी उभा राहिला. तेव्हा त्याला ते दिसलं. उठताना त्याने अंगावरची चादर बाजूला फेकली होती, पण पायथ्याशी ती गादीखाली खोचलेली होती, आणि कोपरे लिफाफ्यासारखे दुमडलेले. ती घडी घरात एकाच व्यक्तीला येत होती. रोज इस्पितळात ती तेच करायची.

बायको पाळीला निघायच्या तयारीत, कामाच्या कोटाची बटणं लावत होती. त्याने विचारलं, काल तू आलीस तेव्हा मी इथेच होतो ना. ती म्हणाली, हो.

“मग?”

“तिने विचारलं मला. म्हणाली, आई, आता उठवू का, उशीर होईल पण अजून जाता येईल.” तिने एक बटण लावलं. “मी म्हटलं, राहू दे.”

“तुला माहीत होतं काल काय होतं ते.”

“माहीत होतं.” तिने पुढचं बटण लावलं. “आमच्याकडे काही जण असे झोपलेले असतात ना, की चादर बदलताना आधी छातीकडे बघून घ्यावं लागतं, हलतेय का. काल मी तुमच्या छातीकडे बघितलं. मग माझा हात नाही गेला उठवायला.”

मग त्याने बेकरीतलं सगळं सांगितलं, पोरगी काय बोलली तेही, शब्दाला शब्द. बायकोचा हात शेवटच्या बटणावर थांबला.

“माझं नाव नाही घेतलं तिने?”

“नाही.”

“मला वाटलं, सांगितलं असेल तिने,” बायको म्हणाली आणि कोट घातलेलाच असताना त्या खोचलेल्या चादरीवर बसली. तिला निघायला उशीर होत होता. तरी ती बसली.

शनिवारी वर्गात शिट्टीताईंनी ही हकीकत सगळ्यांसमोर सांगायला लावली. वकिलाने बेकरीत सांगितली तेवढीच इथेही सांगितली, एक शब्द जास्त नाही. शिट्टीताईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, आपल्या वर्गातलं हे आतापर्यंतचं सगळ्यात मोठं यश. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आजीबाईंनी वाजवल्या, शिंप्याने भिंतीला पाठ टेकूनच वाजवल्या. भट्टीवाल्यानेही वाजवल्या, न वाजवणं बरं दिसलं नसतं.

जिना उतरताना त्याने विचारलं, “आईचं का नाही सांगितलंस?”

“काम माझं होतं,” ती म्हणाली. दोन पायऱ्यांनंतर म्हणाली, “आईला विचारायलाच नको होतं मी.”

त्याने तिला सांगून पाहिलं की आता घड्याळ परत दे, मावशींच्या पळीचंही बघतो. तिने नाही म्हणून मान हलवली. दिलेलं काम परत घ्यायचं नसतं, तसं ठरलंय.

तर आता कुणी काय कमावलं ते. लंबूला दिवसपाळी मिळाली, आणि उजेडात चौकट दिसू लागल्याने त्याचं डोकंही वाचलं. शिट्टीताईंना पुढच्या सगळ्या तुकड्यांना सांगायला एक गोष्ट मिळाली. मालकीणबाईंची ऑर्डर उशिरा का होईना, गेली. भट्टीवाला ज्यासाठी या सौद्यात उतरला होता ती झोप त्याला मिळाली, ठरल्यापेक्षा जास्तच मिळाली. तिच्यासाठी त्याने दिवसपाळी दिली आणि बायकोने एकत्र जेवायच्या रात्री दिल्या, म्हणजे दोघांनी दिलं ते अजून हातात न आलेलंच.

हातातलं दिलं ते पोरीने. शाळेतून आल्यावर ती आता खाली खेळायला जात नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढते, मांडीत घड्याळ घेते, गजर लावते आणि गजराचा भरवसा नसल्यासारखी काट्यांकडे बघत बसते. भट्टीवाला डोळे मिटून पडलेला असतो. ती तिथे बसलीय हे माहीत असताना त्याला झोप लागत नाही. पण डोळे उघडले तर तिचं काम जाईल. म्हणून तो संध्याकाळ होईपर्यंत तसाच पडून राहतो, पडदा सरल्याचा आवाज ऐकतो, बूट मांडल्याचा ऐकतो, आणि पावलावर हात पडला की जाग आल्यासारखं करतो.